घोटाळ्यांच्या गदारोळात अर्थसंकल्प मंजूर होऊन जातो. आमदाराला नेमकं काय विचारायचं?

लेखाशीर्ष_२२०२

नमस्कार. मी जिल्हा कोषागारातून निवृत्त झाले आहे. देयकं तपासणं, आक्षेप काढून परत पाठवणं, मार्चअखेर रात्री उशिरापर्यंत बिलांचे गठ्ठे उपसणं, यातच नोकरी गेली. आता आमच्या भागातल्या शाळांत पोषण आहार शिजवणाऱ्या बायकांचे अर्ज-विनंत्या लिहून देते. महिन्याला २,५०० रुपये मानधन, आणि तेही कित्येक महिने तुंबतं. परवा त्यांच्यातल्या एकीने विचारलं, "ताई, पैसे मंजूर झालेत म्हणता, मग अडलेत कुठं?"

उत्तर मला माहीत आहे. विधानसभेनं मंजूर केलेली तरतूद आणि त्या बाईच्या खात्यात जमा होणारी रक्कम, यांच्यामध्ये निधी वितरणाचे आदेश असतात. कधी साठ टक्के सुटतात, कधी त्याहून कमी, कधी डिसेंबरपर्यंत काहीच नाही आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सगळं एकदम. बीडीएसवर, म्हणजे निधी वितरणाच्या संगणक प्रणालीवर, रक्कम दिसल्याशिवाय बिल स्वीकारता येत नाही, हे मी अनेक वर्षं लोकांना खिडकीतून सांगत आले. पण हे का होतं, याचा जाब विचारायची जागा कोषागाराची खिडकी नव्हे. ती जागा विधानभवन आहे, आणि तिथं हा विषय निघतच नाही.

मला ५ मार्च २०२१ हा दिवस पक्का आठवतो. त्या दिवशी राज्याचा आर्थिक पाहणी अहवाल सभागृहात आला. अर्थव्यवस्था ८ टक्क्यांनी आक्रसणार, उद्योग ११.३ टक्क्यांनी खाली, सेवा क्षेत्र ९ टक्क्यांनी खाली, एकटी शेती ११.७ टक्क्यांनी वर. आणि त्याच दिवशी मुकेश अंबानींच्या अँटिलिया या घराजवळ सापडलेल्या स्फोटकांच्या गाडीचा विषय सभागृहात निघाला, त्या गाडीशी संबंधित ठाण्याच्या व्यावसायिकाचा मृतदेह खाडीत सापडल्याची बातमीही त्याच दिवशी आली. पाहणी अहवाल तिथंच मागे पडला. ८ मार्चला अर्थसंकल्प मांडला गेला. सरत्या वर्षाची महसुली जमा ३,४७,४५७ कोटी धरलेली होती, ती सुधारित अंदाजात २,८९,४९८ कोटींवर आली होती. जवळजवळ ५८ हजार कोटींचा खड्डा. ९ मार्चला गदारोळ आणि वारंवार तहकुबी. १० मार्चला अधिवेशन संपलं. पुढचं सगळ्यांना पाठ आहे: १३ तारखेला पोलीस अधिकाऱ्याला एनआयएची अटक, २० तारखेला माजी पोलीस आयुक्तांचं शंभर कोटींच्या वसुलीचा आरोप करणारं पत्र, ५ एप्रिलला गृहमंत्र्यांचा राजीनामा.

तो ५८ हजार कोटींचा खड्डा मात्र कोणाला पाठ नाही. आमच्या टेबलावर तो आधीच येऊन पडला होता, ४ मे २०२० च्या शासन निर्णयानं. विकास योजनांना तरतुदीच्या ३३ टक्केच निधी, नवी भरती बंद. महामारी होती, तिजोरीत पैसा येत नव्हता, इलाज नव्हता हे मला मान्य आहे. पण सभागृहानं मतदान करून दिलेल्या रकमेला दोन तृतीयांश कात्री लागली, तर त्यात कोणती योजना मेली आणि कोणती कशीबशी जगली, हा हिशेब पुढच्या मार्चमध्ये मागायला हवा होता की नाही? कंत्राटदारांची बिलं तेव्हा परत करताना मी त्यांच्या डोळ्यांकडे बघायचं टाळत असे. त्यांच्याही मागे मजूर होते.

२०२५ मध्येही तेच पाहिलं. १० मार्चला ७ लाख कोटींचा अर्थसंकल्प आला, महसुली तूट ४५,८९१ कोटी. ३० जूनला, म्हणजे चार महिनेही झाले नव्हते, ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पात नसलेल्या जादा खर्चाला मंजुरी मागणं. त्या पावसाळी अधिवेशनातलं लोकांच्या लक्षात काय राहिलं? आमदार निवासाच्या उपाहारगृहातली मारहाण, हनी ट्रॅपचे आरोप, १७ जुलैला विधानभवनाच्या लॉबीत भिडलेले कार्यकर्ते. पुरवणी मागण्यांत शालेय शिक्षणाला किती आणि कशासाठी, हे मी वित्त विभागाच्या संकेतस्थळावर जाऊन स्वतः शोधलं. मला ते कागद वाचता येतात. त्या बायकांनी काय करायचं?

चौकशी नको, असं मी अजिबात म्हणत नाही. खून, खंडणी, लाच यांचा छडा लागलाच पाहिजे. पण त्यासाठी पोलीस आहेत, सीबीआय आहे, न्यायालय आहे, चौकशी आयोग आहे. अनुदानाच्या मागण्या, म्हणजे प्रत्येक खात्यानं खर्चासाठी मागितलेल्या रकमा, मंजूर करायचा अधिकार मात्र घटनेच्या २०३ व्या अनुच्छेदानं फक्त विधानसभेला दिला आहे. तो दुसरं कोणीही वापरू शकत नाही.

तर विचारायचं हे आहे. विधानभवनाचं कामकाज जवळून पाहिलेलं इथं कोणी असेल तर सांगा, मागण्यांवर बोलायला आमदारांना खरंच वेळ मिळत नाही की ते बोलायचं टाळतात? आणि माझ्यासारख्या मतदारानं पुढच्या अधिवेशनाआधी आपल्या आमदाराकडे काय मागावं, म्हणजे ते नुसतं निवेदन होऊन फायलीत जाणार नाही?

प्रेसगॅलरी_जुना

ताई, मी बरीच वर्षं मुंबई आणि नागपूर दोन्हीकडे अधिवेशनं कव्हर केली. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की वेळ कमी असतो हे खरं, पण तो कमी का पडतो हे बघायला हवं.

अर्थसंकल्प मांडल्यावर आधी सर्वसाधारण चर्चा होते. मग खातेनिहाय मागण्यांवर चर्चा आणि मतदान, मग विनियोजन विधेयक, म्हणजे मंजूर रकमा तिजोरीतून काढायची परवानगी देणारा कायदा. कागदावर हे सगळं व्यवस्थित आहे. प्रत्यक्षात सकाळी प्रश्नोत्तराचा तास, त्यात कोणीतरी नियम ५७ ची सूचना देऊन सगळं कामकाज बाजूला ठेवा म्हणतं. अध्यक्ष ती नाकारतात, सदस्य वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, उतरतात, पंधरा मिनिटं तहकूब, अर्धा तास तहकूब. मग लक्षवेधी, म्हणजे एखाद्या तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणाऱ्या सूचना. त्या दिवसाला अनेक लागतात आणि प्रत्येक आमदाराला आपल्या मतदारसंघाची हवी असते. मागण्यांची चर्चा येते तेव्हा संध्याकाळ झालेली असते. मी रात्री गॅलरीत बसून पाहिलंय, समोर मोजके सदस्य, संबंधित खात्याचे मंत्री नाहीत, एखादे राज्यमंत्री टिपणं घेतायत. शेवटच्या दिवशी ज्या खात्यांवर चर्चाच झाली नाही त्यांच्या मागण्या एकत्र मताला टाकतात. "होय"चं बहुमत. हजारो कोटी दोन मिनिटांत.

आता आमच्या धंद्याचंही सांगतो, कारण त्याशिवाय हे चित्र पुरं होत नाही. एखादा आमदार ग्रामीण रुग्णालयांच्या औषध खरेदीवर अभ्यास करून वीस मिनिटं बोलला, तर ते छापायला जागा नसायची. दुसरा पेनड्राइव्ह हातात धरून उभा राहिला की पहिलं पान. मार्च २०२२ आठवा. एक मंत्री २३ फेब्रुवारीला ईडीच्या अटकेत गेलेले, विरोधकांना त्यांचा राजीनामा हवा होता. ८ मार्चला विरोधी पक्षनेत्यांनी सरकारी वकिलाच्या चित्रफितींचा पेनड्राइव्ह उपाध्यक्षांकडे दिला. ११ मार्चला अर्थसंकल्प आला, २४,३५३ कोटींची महसुली तूट घेऊन. आमच्या डेस्कवर पेनड्राइव्हच्या बातमीला किती माणसं लागली होती आणि तुटीला किती, ते मी पाहिलं आहे. आमदारही पेपर वाचतात. कशानं नाव होतं हे त्यांना आम्हीच शिकवलं.

सत्तेतल्या मंडळींनाही गदारोळ अडचणीचा असतो असं समजू नका. विरोधक घोषणा देत असले की पुरवणी मागण्यांवर अवघड प्रश्न येत नाहीत. गोंधळातच विधेयकं मंजूर करून घेतलेली मी कितीदा तरी पाहिली आहेत. कॅगचे अहवालही बहुतेक वेळा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतात. चर्चेला दिवसच उरत नाही.

संसदेत १९९३ पासून खात्यांच्या मागण्या आधी स्थायी समित्यांकडे जातात. केरळ विधानसभेत विषय समित्या त्याच्याही आधीपासून, १९८० पासून. तिथं कॅमेरे नसतात, दोन्ही बाजूंचे सदस्य बसून सचिवांना प्रश्न विचारतात. बाहेर काहीही पेटलेलं असलं तरी समितीची बैठक होते. आपल्याकडे लोकलेखा आणि अंदाज समिती आहेत, पण मतदानाआधी मागण्या बारकाईनं तपासायची सवय रुजलेली नाही. तुम्हाला काही मागायचंच असेल तर हे मागा.

नांदेडचा_गावकरी

ताईंचा राग समजतो, पण हा विषय इतका सरळ नाही. घोटाळ्यावर सभागृह पेटलं नाही तर चौकशी होते कुठं?

मुंबईतल्या आदर्श सोसायटीच्या घोटाळ्याचं घ्या. न्यायमूर्ती पाटील आयोग २०११ मध्ये नेमला. अहवाल पटलावर कधी आला? २० डिसेंबर २०१३, नागपूर अधिवेशनाचा शेवटचा दिवस. आणि त्याच दिवशी सरकारनं तो फेटाळला. नंतर देशभर ओरड झाली, तेव्हा २ जानेवारी २०१४ ला काही भाग स्वीकारला. ओरड झाली नसती तर ती फाइल कायमची बंद होती. तुम्ही म्हणता आयोग आहे, सीबीआय आहे. आयोग सरकारच नेमतं, त्याची मुदत सरकारच वाढवतं. माझ्या तालुक्यातल्या एका पाणीपुरवठा योजनेची चौकशी कित्येक वर्षं 'चालू आहे'. टाकी बांधून झाली, पाणी कधीच चढलं नाही, बिल मात्र निघालं. एका आमदारानं लक्षवेधी लावली तेव्हा कुठं अधिकारी गावात आले.

आणि दुसरी गोष्ट. पैशाची अडचण ही काही आभाळातून पडत नाही. पैसा खाल्ला जातो म्हणून कमी पडतो. खाणाऱ्याला सोडून नुसते आकडे मोजत बसलो तर पोषण आहाराच्या बायकांना पुढच्या वर्षीही हेच ऐकावं लागेल.

नेपरव्हिलकर

मी शिकागोजवळ राहते. हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते, कारण हाच प्रकार इथं इलिनॉय राज्यात जवळून सोसला आहे.

मी प्रौढ दिव्यांगांना सांभाळणाऱ्या एका संस्थेचे हिशेब बघते. आमचा बराचसा पैसा राज्य सरकारकडून येतो: आधी सेवा द्यायची, मग बिल पाठवायचं, मग वाट बघायची. २००८ च्या शेवटी ती वाट फार लांबली होती. राज्याची बिलं चुकती करणारे कंट्रोलर डॅन हाइन्स सांगत होते की थकलेली बिलं चार अब्ज डॉलरच्या वर गेली आहेत. आमच्या संस्थेनं बँकेतून उचल घेऊन काळजीवाहूंचे पगार केले. त्या उचलीचं व्याज कोणीच देत नाही, ते मुलांच्या सहलीतून आणि फिजिओथेरपीच्या तासांतून कापावं लागतं. मुलं म्हणते मी त्यांना, पण त्यातले काही साठीचे आहेत.

आणि अशात ९ डिसेंबर २००८ ला सकाळी एफबीआयनं गव्हर्नर रॉड ब्लागोयेविच यांना घरातून अटक केली. ओबामा राष्ट्राध्यक्ष झाल्यामुळे सिनेटची जी जागा रिकामी झाली, ती भरण्याच्या बदल्यात स्वतःसाठी काही पदरात पाडून घ्यायचा आरोप. टेप होत्या. साऱ्या देशाचे कॅमेरे स्प्रिंगफिल्डला. १५ डिसेंबरला प्रतिनिधिगृहानं ११३ विरुद्ध ० मतांनी २१ सदस्यांची चौकशी समिती नेमली. ९ जानेवारीला ११४ विरुद्ध १ मतांनी महाभियोग. २९ जानेवारीला सिनेटनं ५९ विरुद्ध ० मतांनी त्यांना पदावरून काढलं. अटकेपासून दोन महिनेही झाले नाहीत. पुढे न्यायालयात खटला चालला, १४ वर्षांची शिक्षा झाली, ती नंतर कमी झाली, तो वेगळा विषय.

म्हणजे नांदेडच्या दादांना हवी तशी चौकशी इथं झाली, झटपट आणि एकमुखानं. त्याबद्दल मला राज्याचा अभिमान वाटला, खरंच वाटला. पण माझा प्रश्न तेव्हाही हाच होता की प्रतिनिधिगृहात ११८ सदस्य आहेत. २१ जण समितीत होते. उरलेल्या ९७ जणांनी त्या आठवड्यांत थकलेल्या बिलांवर एक तरी बैठक का बोलावली नाही? आमच्या भागाच्या प्रतिनिधींच्या कार्यालयात फोन केला की एकच उत्तर मिळे, आधी हे प्रकरण मिटू दे.

प्रकरण मिटलं. नवे गव्हर्नर पॅट क्विन यांनी मार्चमध्ये ११ अब्जांहून मोठी तूट मांडली आणि आयकर ३ वरून ४.५ टक्के करायचा प्रस्ताव ठेवला. तो मंजूर झाला नाही. अर्थसंकल्पाची ३१ मेची मुदत टळली. त्यानंतर इथं तत्काळ लागू होणाऱ्या कायद्याला तीन पंचमांश मतं लागतात, त्यामुळे सगळं आणखी अवघड होतं. जुलैच्या मध्यावर कसाबसा अर्थसंकल्प निघाला, त्यात निवृत्तिवेतन निधीत भरायचा पैसा कर्ज काढून भरायचं ठरलं. आयकर अखेर जानेवारी २०११ मध्ये वाढला, एकदम ५ टक्के. म्हणजे ज्या माणसावर सगळं ढकललं जात होतं तो गेल्यानंतरही दोन वर्षं लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की कर वाढवणं किंवा खर्च कापणं, दोन्हीत मतं जातात. घोटाळ्यातल्या माणसाविरुद्ध मत द्यायला काहीच लागत नाही. घोटाळ्यामुळे लक्ष विचलित झालं असं आम्ही म्हणत राहिलो, पण अनेकांना ते विचलित व्हायलाच हवं होतं.

ताई, तुमच्या बायकांना सांगा, सरकारी बिलाची वाट बघणं काय असतं ते इथल्या काही जणींना नीट माहीत आहे.

लेखाशीर्ष_२२०२

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

नांदेडच्या दादांना उत्तर द्यायचं आहे, कारण त्यांचा मुद्दा खरा आहे. पैसा खाल्ला जातो म्हणून कमी पडतो, मान्य. पण पैसा खाल्ला गेला हे कळतं कसं? सिंचनाचं आठवा. २०१२ च्या मार्चमध्ये जो आर्थिक पाहणी अहवाल आला, त्यातल्या एका तक्त्यात ओलिताखालच्या क्षेत्राचं प्रमाण दहा वर्षांत अवघं ०.१ टक्क्यानं वाढलेलं दिसत होतं. त्याच दहा वर्षांत सिंचनावर ७० हजार कोटी खर्च झाल्याचं सांगितलं जात होतं. हे दोन आकडे शेजारी ठेवले आणि राज्य हादरलं. जलसंपदा खात्यातले मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी त्याच वर्षी पत्रं लिहिली होती. सप्टेंबरमध्ये उपमुख्यमंत्र्यांचा राजीनामा, नोव्हेंबरमध्ये श्वेतपत्रिका, डिसेंबरमध्ये ते पुन्हा पदावर, आणि माधवराव चितळेंच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक.

दादा, तो तक्ता काही पहिल्यांदा छापला गेला नव्हता. त्या दहा वर्षांत दर मार्चला आर्थिक पाहणी येत होती. दर मार्चला जलसंपदाच्या मागण्या मंजूर होत होत्या. कोणीतरी २००५ मध्ये, २००७ मध्ये उठून विचारलं असतं की गेल्या वर्षी दिलेल्या पैशातून किती हेक्टर भिजलं, तर एवढ्या रकमेचा घोटाळा व्हायला जागाच उरली नसती. आणि त्यानंतर काय झालं, तर पुढच्या कित्येक पाहणी अहवालांत तो सिंचनाचा आकडाच छापला गेला नाही. त्यावर किती तहकुब्या झाल्या? तुमच्या गावच्या टाकीचंही तसंच आहे. बिल निघालं तेव्हा ते कोणत्या तरी कोषागारातून निघालं, कोणत्या तरी मागणीखाली मंजूर झालं. टाकी रिकामी असल्याचं लक्षवेधीत आलं, ते पैसे जाऊन संपल्यावर.

म्हणून मला घोटाळा आणि अर्थसंकल्प हे दोन वेगळे विषय वाटतच नाहीत. मागण्यांची चर्चा ही घोटाळा व्हायच्या आधीची चौकशी आहे. ती सोडून दिली की नंतरची चौकशी दहा वर्षं चालते आणि पैसा परत येत नाही.

नेपरव्हिलच्या ताईंनी ९७ जणांचं जे लिहिलं ते मी वहीत उतरवून घेतलं. आपल्याकडे २८८ आमदार आहेत.

पीए_होतो

मी काही काळ एका आमदारांचा स्वीय सहायक होतो, त्यामुळे ताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर थोडं व्यवहाराचं सांगतो.

आमदाराला दिवसात भेटणारी माणसं बदली, रस्ता, दवाखान्याचं बिल आणि लग्नपत्रिका घेऊन येतात. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांचा गठ्ठा गाडीच्या डिकीत असतो, तो उघडायला कोणी माणूस नाही. संशोधन करणारा सहायक ठेवणारे आमदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे 'आमचा प्रश्न मांडा' असं निवेदन दिलं की ते माझ्यासारख्याच्या फायलीत जातं, हे ताई बरोबर म्हणाल्या.

कपात सूचना मागा. मागणीतून एक रुपया किंवा शंभर रुपये कमी करावेत अशी सूचना आमदार देऊ शकतो, आणि त्या निमित्तानं खात्याच्या धोरणावर किंवा एखाद्या ठरावीक तक्रारीवर बोलू शकतो. रक्कम वाढवायचा अधिकार त्याला नाही, त्यामुळे 'मानधन वाढवा' असं तिथं मागता येत नाही. पण 'मंजूर मानधन वेळेवर वितरित होत नाही' हे अगदी नियमात बसतं. सूचना लेखी द्यावी लागते, मुदतीत द्यावी लागते, आणि ती तयार मसुद्यात हातात आली तर पीए ती नक्की पुढे सरकवतो, कारण त्याचं काम कमी होतं. अधिवेशनाच्या आधी पंधरा दिवस भेटा. अधिवेशन सुरू झाल्यावर कोणीच हाताला लागत नाही.

आणि आकडा स्वतःचा आणा. बीम्सच्या, म्हणजे राज्याच्या निधी वितरणाच्या, संकेतस्थळावर तरतूद किती, वितरित किती, खर्च किती हे कोणालाही बघता येतं. तुमच्यासारख्यांना तर ते दोन मिनिटांचं काम.

विरोधी पक्षाच्या आमदाराकडेच जा असं मात्र नाही. सत्ताधारी आमदार कपात सूचना देत नाही, पण तोच प्रश्न तारांकित म्हणून देतो, आणि मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं.

नांदेडचा_गावकरी

ताई, दहा वर्षांच्या पाहणीचा मुद्दा पटला. मी आमच्या टाकीच्या योजनेचं लेखाशीर्ष, म्हणजे खर्च ज्याखाली नोंदला जातो तो क्रमांक, शोधायला घेतो, कुठं सापडेल ते सांगाल का? ग्रामपंचायतीत विचारलं तर प्रशासकीय मान्यतेची प्रतच दाखवत नाहीत.

लेखाशीर्ष_२२०२

दादा, प्रशासकीय मान्यतेच्या आदेशात शेवटच्या एक-दोन परिच्छेदांत "सदर खर्च खालील लेखाशीर्षाखाली भागवण्यात यावा" असं असतं, तिथं आकडे मिळतील. ग्रामपंचायत देत नसेल तर जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. देयक क्रमांक आणि प्रमाणक (व्हाउचर) क्रमांकही मागा. नुसतं "खर्चाची माहिती द्या" लिहिलंत तर एका ओळीचं उत्तर येईल. मला मजकूर व्यक्तिगत निरोपात पाठवा, मी तपासून देते.

पीएदादा, कपात सूचनेचा मसुदा मी या आठवड्यात करते. त्यासाठी मला मदत हवी आहे. इथं कोणाच्या शाळेत, घरात, शेजारात पोषण आहाराचं काम करणाऱ्या बायका असतील, तर त्यांच्या पासबुकातल्या मानधन जमा झाल्याच्या तारखा मला कळवा. नावं नकोत, खाते क्रमांक अजिबात नको. जिल्हा, तालुका, कोणत्या महिन्याचं मानधन आणि कोणत्या तारखेला जमा झालं, एवढंच. बीम्सवर वितरणाच्या तारखा मी काढते. दोन्ही शेजारी ठेवले की पैसा मंत्रालयात अडला, जिल्हा परिषदेत अडला की पंचायत समितीत, ते दिसेल. २,५०० पैकी १,००० केंद्राच्या निकषाचे, त्यात केंद्र-राज्य वाटा ६०:४०, आणि वरचे १,५०० राज्याचे. त्यामुळे दोन्ही भाग एकत्र जमा होतात की वेगवेगळे, हेही पासबुकात बघून लिहा.